खाडीकडे दाखवलेला हात

त्या दुपारी आजोबांना सांभाळायचं काम मला कुणी दिलं नव्हतं. मीच ते मागून घेतलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मी स्वतःला वाचवायला बघेन अशी मला धास्ती आहे.

आम्ही सुर्ल्याचे. नवऱ्याचा टिप्पर होता. खाणीवरचा माल भरायचा, आमोण्याच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा, असं दिवसभर चालायचं. खाणी बंद पडल्या आणि टिप्पर दारात उभा राहिला. आज सुरू होतील, उद्या सुरू होतील म्हणत तो रोज सकाळी जाऊन इंजीन चालू करून बघायचा. मग एक दिवस त्याने तेही सोडलं. जेवायला बसला तरी माझ्याकडे न बघता जेवायचा. तेव्हा त्याच्या मामांनी सुचवलं, मोरजीच्या बाजूला माझी काजूची बाग पडून आहे, तिथे काहीतरी करा. बाग एका उतारावर होती. एका अंगाला सुरूच्या झाडांतून पाच मिनिटं चाललं की समुद्र, दुसऱ्या अंगाला खाली बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाजन शेतं आणि त्यांच्या पलीकडे खाडी. आम्ही काजूंच्या सावलीत पर्यटकांसाठी पाच टेंट उभे केले. मातीचे ओटे घातले, पत्र्याखाली स्वयंपाकघर केलं. टेंटच्या दोऱ्या कशा ताणायच्या, वारा कुठून येतो, खुंट्या कुठल्या जमिनीत धरतात, हे सगळं नवरा एकटाच शिकला. त्या कामात तो थोडा माणसात आल्यासारखा वाटायचा, म्हणून मी सुर्ल्याचं घर बंद करून त्याच्याबरोबर आले.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत कोल्हापूरकडची ती मंडळी आली. मुलगा, सून आणि मुलाचे वडील. मुलगा तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. वडिलांना विसरण्याचा आजार आहे हे त्याने फोनवरच सांगितलं होतं. आधी दोन हॉटेलांनी नाही म्हटलं होतं. तो म्हणाला, आबा जन्मभर शेतात राहिलेत, भिंती नसल्या की ते शांत असतात. नवऱ्याने मला विचारलं. मी म्हटलं, येऊ देत.

आजोबा उंच, वाळलेले, धोतर आणि पांढरा सदरा. माणसं ओळखायचे नाहीत, पण गवत, माती, ढग ओळखायचे. काजूच्या झाडाखालची माती चिमटीत घेऊन त्यांनी तोंडात घातली आणि थुंकली. म्हणाले, हलकी आहे. सून तशीच धावत गेली आणि पदराने त्यांचं तोंड पुसलं. ती सारखी त्यांच्या दोन पावलं मागे असायची. ते उठले की उठायची, बसले की बसायची. मी तिला चहा दिला तर तिने तो उभ्यानेच घेतला. बोलता बोलता कळलं की तीन वर्षांत ती आणि तिचा नवरा एकदाही दोघेच कुठे गेले नव्हते. शेजारच्या लग्नालाही एक जायचा, एक घरी राहायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. नवरा गॅसचा सिलिंडर आणायला पेडण्याला गेला होता. बाकीचे टेंट रिकामे होते. आजोबा काजूखालच्या खुर्चीवर पेंगत होते. मी सुनेला म्हटलं, तुम्ही दोघं जरा समुद्रावर जाऊन या, मी आहे इथे. ती नको नको म्हणाली. मुलगा म्हणाला, ताई म्हणतायत तर जाऊया, अर्ध्या तासात येऊ. तिने मला सगळं समजावून सांगितलं. पाणी मागितलं तर थोडंच द्या, उठले तर हात धरू नका, त्यांना राग येतो, नुसतं बरोबर चाला. जाताना तिने तीनदा मागे वळून पाहिलं.

मी ताटं घासायला घेतली. खुर्ची मला तिथून दिसत होती. थोड्या वेळाने आजोबा जागे झाले आणि त्यांनी मला हाक मारली. "बाई, पाणी कुठल्या अंगानं येतं?"

मला वाटलं, बागेच्या पाण्याचं विचारतात. की काहीच वाटलं नाही. माझे हात राखेने भरलेले होते. मी कोपरापासून हात उचलून खाजनाच्या बाजूला दाखवला आणि म्हटलं, खाली खाडी आहे ना, तिकडून. त्यांनी मान डोलावली आणि परत डोळे मिटले.

तेवढ्यात फोन दोनदा वाजून बंद पडला. आमच्या बागेत रेंज धड मिळायची नाही. वरच्या अंगाला एक काळा कातळ आहे, त्यावर चढलं तरच बोलता येतं. मुलगी बेळगावला नर्सिंग शिकत होती, तिचे फोन होते. चार दिवस तिचा ताप उतरत नव्हता. पाच मिनिटांत येते असं मी स्वतःलाच सांगितलं आणि कातळावर गेले. पाच मिनिटांची वीस झाली. ताप उतरला होता, पण ती रडत होती. हॉस्टेल सोडून घरी यायचं म्हणत होती. मी तिला समजावत राहिले.

खाली आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. चपला तिथेच.

आधी मी टेंटमध्ये बघितलं, मग संडासात, मग विहिरीत. विहिरीच्या काठावर पालथी पडून मी खाली बघितलं. पाणी स्थिर होतं. मी हाका मारल्या. त्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं, नुसतं आजोबा, आजोबा म्हणत झाडांमधून फिरले. मग पुन्हा कातळावर चढून नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, येतो. मी खाली उतरले तर सुरूच्या झाडांतून ती दोघं परत येत होती. सुनेच्या साडीचा काठ भिजला होता आणि ती हसत होती. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

तिने खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, आत्ता होते. आत्ता पाच मिनिटांपूर्वी इथेच होते.

मुलाने विचारलं, "ताई, ते काही बोलले का? कुठे जायचं म्हणाले?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच बोलले नाहीत. तुमच्या मागोमाग समुद्राकडेच गेले असतील."

ते खोटं माझ्या तोंडून विचार न करता आलं असं मी नंतर पुष्कळांना सांगू शकले असते. पण तसं नव्हतं. मुलाने विचारलं त्या क्षणी मला माझा राखेचा हात आठवला होता. खाजनाच्या बाजूला आम्ही काट्यांचं कुंपण घातलं होतं. त्यातून ऐंशीच्या पुढचा माणूस जाईल कसा, असं मी मनाला पटवलं. आणि तेवढ्या एका पटवण्यावर मी तीन माणसांना उलट्या दिशेला पाठवलं.

पुढचा दीड तास आम्ही समुद्रावर होतो. नवराही येऊन मिळाला. मुलगा वाळूतून पळत होता. जो भेटेल त्याला मोबाईलवरचा फोटो दाखवत होता. खुर्च्यांवर पडलेल्या परदेशी माणसांना दाखवला, जाळी सुकवणाऱ्या रांपणकारांना दाखवला, कासवांच्या अंड्यांभोवती कुंपण घातलेलं असतं तिथल्या रखवालदाराला दाखवला. सगळे मान हलवायचे. सून पळत नव्हती. पाण्याच्या कडेने चालत होती, आणि प्रत्येक लाटेत काही पांढरं दिसतं का ते बघत होती. मी तिच्या मागे होते. दर दहा पावलांवर मला वाटायचं, आता सांगावं. आणि दर वेळी वाटायचं, इतका वेळ न सांगता आता कसं सांगू? जितकी मिनिटं जात होती, तितकं ते अवघड होत चाललं होतं. मी देवाला म्हणत होते की ते इथेच सापडू देत, समुद्राच्या बाजूलाच, म्हणजे मी खोटी ठरणार नाही. त्यांच्या जिवासाठी नाही, माझ्यासाठी. हे मला तेव्हाही कळत होतं.

पाच वाजून गेले. ऊन तिरकं झालं. नवरा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, पोलिसांना कळवायला पाहिजे, आणि पाणी चढायच्या आत खाडीची बाजू एकदा बघायला पाहिजे. भरती सुरू झाली होती. भरती हा शब्द ऐकला मात्र, मी वाळूत बसले आणि त्याला सगळं सांगितलं. त्यांनी काय विचारलं, मी कुठे हात दाखवला, किती वेळ कातळावर होते.

मला वाटलं, तो ओरडेल. त्याने ओरडावं असं मला वाटत होतं. त्याने एवढंच विचारलं, "कितको वेळ झालो?"

"दोन तास. जास्तच."

तो पळत सुटला. त्याला धावताना मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. मी मुलाला आणि सुनेला हाक मारली, खाडीकडे चला म्हटलं. का ते सांगितलं नाही.

कुंपणाला एका जागी भगदाड होतं. कुत्री यायची-जायची तिथून. तिथल्या काट्याला पांढऱ्या धोतराची चिंधी अडकली होती. सुनेने ती काढून मुठीत धरली. आम्ही खाजनाच्या बांधावरून धावलो. बांधाच्या टोकाला मानस आहे, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची आणि बाहेर सोडायची लाकडी दारं. तिथे चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणारी एक बाई टोपली डोक्यावर घेऊन वर येत होती. वयस्कर होती, गुडघ्याच्या वर कासोटा, अंगभर चिखल. आम्ही विचारायच्या आधीच तिने खारफुटीकडे बोट केलं. ती म्हणाली, एक म्हातारा चिखलात रुतलाय, मी हात दिला तर मारायला उठला, माणसं बोलवायलाच निघाले होते.

बांधापासून ते फार लांब नव्हते. पंचवीस-तीस हातांवर असतील. कमरेपर्यंत चिखलात होते आणि त्यावरून पाणी पोटाला लागलं होतं. खारफुटीच्या मुळांतून पाणी गुपचूप पुढे सरकत होतं. ते घाबरलेले नव्हते, हेच भयंकर होतं. दोन्ही हातांनी चिखल उपसून समोर रचत होते, आणि रचलेला चिखल विरघळून जात होता. आम्हाला बघून ते ओरडले की पाट फुटलाय, माती आणा.

मुलगा सरळ उतरला. तीन पावलांत मांडीपर्यंत गेला आणि अडकला. त्याला मागे ओढून काढण्यातच आमची पाच-सात मिनिटं गेली. तिसऱ्यावाली नवऱ्याला म्हणाली, "उभो रव नको रे, आडवो पड. उभो रवलो तो गेलो." नवऱ्याने मला फळ्या आणायला पिटाळलं. जेवणाच्या बाकांच्या दोन लांब फळ्या आणि टेंटची एक दोरी मी आणि सून उचलून घेऊन आलो. वर जाताना आणि खाली येताना आम्ही एकमेकींशी एक अक्षर बोललो नाही. फळीचं कुसळ माझ्या तळव्यात खोल गेलं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

नवरा एका फळीवर पालथा झाला, दुसरी पुढे सरकवली, तिच्यावर गेला, मागची ओढून पुढे घेतली. असं करत तो त्यांच्यापर्यंत पोचला. पाणी तोवर आजोबांच्या छातीला आलं होतं. तो हातांनी त्यांच्या पायाभोवतीचा चिखल मोकळा करू लागला, तर आजोबांनी त्याच्या डोक्यावर, तोंडावर मारायला सुरुवात केली. मुलगा बांधावरून ओरडत होता, आबा, त्यांना मारू नका, ते काढायला आलेत. त्या आवाजाने ते आणखी चवताळत होते. सून कानांवर हात ठेवून खाली बसली. मी तिथे उभी राहून दोन माणसं बुडताना बघणार आहे, असं मला पक्कं वाटलं. एक माझ्या हाताने गेलेला आणि एक त्याच्या मागोमाग माझ्यामुळे गेलेला.

मग नवरा थांबला. हात काढून घेतले, फळीवर तसाच पडून राहिला, आणि बोलला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण पाण्यावरून आम्हाला ऐकू आला.

"आबा, आता पाण्याची पाळी माझी. पाट मी बघतो. तुम्ही घरी चला, जेवण थांबलंय."

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, की मलाच तो वेळ मोठा वाटला. म्हणाले, नीट बांध घालशील?

"घालतो," नवरा म्हणाला.

त्यांचे हात खाली आले. नवऱ्याने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना फळीवर आडवं केलं आणि पाय एकेक करून सोडवले. तिसऱ्यावालीने कमरेची दोरी काढून फेकली, तिच्या टोकाला आम्ही टेंटची दोरी बांधली आणि सगळ्यांनी मिळून ओढलं. बांधावर घेतलं तेव्हा आजोबांचे ओठ निळे पडले होते आणि पाय कालवांच्या शिंपांनी जागोजागी चिरले होते. त्यांना कशाचं काहीच वाटत नव्हतं. ते फक्त थरथरत होते.

त्यांच्याच गाडीतून आम्ही म्हापशाच्या इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं. दोन्ही पुरुष कागद करायला आणि औषधं आणायला धावत होते. मी आणि सून बाहेरच्या बाकावर बसलो. दोघींच्या अंगावरचा चिखल वाळत होता. मला वाटलं, आत्ता सांगितलं नाही तर हे माझ्यात कायमचं राहील. मी सांगितलं. ते बोलले होते हे सांगितलं, मी दाखवलेला हात सांगितला, कातळावरची वीस मिनिटं सांगितली, समुद्राकडे गेले असतील हे खोटं बोलले तेही सांगितलं. तिच्याकडे न बघता सांगितलं. तिने मला मारलं असतं तरी मी हलले नसते.

 सून मुठीतली चिंधी मांडीवर पसरून सारखी करत बसली.

"ताई," ती म्हणाली, "मी समुद्रात पाय सोडून बसले होते. हे म्हणाले, चल, अर्धा तास झाला. मी म्हटलं, अजून थोडं. आणि तेव्हा माझ्या मनात आलं, परत गेल्यावर आबा नसले तर. नुसतं आलं नाही. मी ते मनात धरून बसले. बरं वाटत होतं मला. म्हणून हसत आले मी."

मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो काढून घेतला. रागाने नाही. म्हणाली, यांना यातलं काही सांगू नका. तुमचंही नको आणि माझंही नको. ते मोडून पडतील.

तेवढ्यात मुलगा औषधं घेऊन आला आणि माझ्या पाया पडला. ताई, भाऊजींनी माझ्या बापाला परत आणलं, म्हणाला. मी पाय मागे घेतले. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प राहिले.

आजोबा वाचले. चार दिवसांनी त्यांना कोल्हापूरला नेलं. पण चिखलातून आल्यानंतर ते पुन्हा नीट चालले नाहीत, आणि उन्हाळ्याच्या तोंडी झोपेतच गेले. ही बातमी सुनेनेच मला फोनवर दिली. मी कातळावर उभी होते. ती रडत नव्हती. म्हणाली, आता घरात सगळीकडे जागा झालीय, कुठे उभं राहावं कळत नाही.

आम्ही त्या वर्षी मोसम संपायच्या आधीच टेंट काढले. मला तिथे राहवेना. कुणी पाहुणा खुर्चीवरून उठला तरी मी हातातलं काम टाकून त्याच्या मागे जायचे. नवऱ्याने एका शब्दाने मला दोष दिला नाही, आणि त्याचंच मला ओझं झालं होतं. एकदा मी त्याला विचारलंच की तुम्ही मला बोलत का नाही? तो टेंटची घडी घालत होता. म्हणाला, दाराशी टिप्पर उभा होता ती सगळी वर्षं तू मला काही बोलली होतीस काय? मग घडीच्या कोपऱ्यात अडकलेली सुरूची काडी काढून टाकत राहिला. आता तो मोपाच्या विमानतळाकडे गाडी चालवतो. मी सुर्ल्याच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलं माझ्या ताब्यात असतात तेव्हा मी फोन कपाटात ठेवते.

सून मधूनमधून फोन करते. तिने घराजवळ शिवणाचा क्लास लावलाय, त्याचं सांगते. माझ्या मुलीची चौकशी करते. आजोबांचा विषय आम्ही काढत नाही. दिवाळीला मात्र तिचा नवरा फोन घेतो. दरवर्षी तेच म्हणतो, ताई, त्या दिवशी तुम्ही दोघं नसता तर आबा आम्हाला दिसले नसते. पलीकडे ती ऐकत असते हे मला श्वासावरून कळतं. मी म्हणते, असं म्हणू नका. तो म्हणतो, नाही, म्हणणारच. आणि मी त्याला दिवाळीच्या शुभेच्छा देते.